आयन, अष्टक आणि धनाग्र : विद्युत्-रसायनातील तीन संज्ञांचा इतिहास

रसायनशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत एक विधान थोड्याफार फरकाने सर्वत्र आढळते. सोडियमचा अणू आपल्या सर्वांत बाहेरच्या कवचातील एकुलता एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीनचा अणू तो स्वीकारतो, दोघांच्याही बाह्य कवचांत आठ-आठ इलेक्ट्रॉन होतात, आणि याप्रमाणे उभयतांस स्थैर्य लाभून मीठ तयार होते. हे विधान सर्वस्वी चुकीचे आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि ज्या शब्दांनी ते घडले आहे त्या शब्दांचे वय सारखे नाही, कुळ सारखे नाही आणि विश्वसनीयताही सारखी नाही. 'आयन' हा शब्द १८३४ सालचा. 'इलेक्ट्रॉन' १८९१ चा. 'अष्टक' १९१९ चे. यांपैकी सर्वांत जुना शब्द आजही निर्वेधपणे चालतो आहे आणि सर्वांत नवा शब्द मात्र पदोपदी अपवाद मागतो, ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. तिचे कारण त्या शब्दांच्या जन्मकथेत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्या नावात सिद्धान्त भरलेला असतो ते नाव सिद्धान्ताबरोबर म्हातारे होते. ज्या नावाने केवळ दिसले तेवढेच सांगितलेले असते ते टिकते.

या मुद्द्याची जाणीव रसायनशास्त्रज्ञांना फार लवकर, आणि ठेच लागून, झाली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिए यांनी 'ऑक्सिजन' हे नाव रूढ केले. त्याचा ग्रीक अर्थ 'आम्लजनक' असा आहे; कारण प्रत्येक आम्लात हा वायू असलाच पाहिजे असा त्यांचा सिद्धान्त होता. पुढे हंफ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये दाखवून दिले की, मिठापासून मिळणारा हिरवट-पिवळा वायू हे एक मूलद्रव्य आहे आणि त्यापासून होणाऱ्या प्रबळ आम्लात ऑक्सिजनचा लवलेश नाही. सिद्धान्त गेला, नाव राहिले. डेव्ही यांनी यापासून योग्य तो धडा घेतला, आणि नव्या मूलद्रव्याला नाव देताना कोणत्याही सिद्धान्ताचा आधार न घेता केवळ त्याच्या रंगाचा आधार घेतला. 'क्लोरीन' म्हणजे फिकट हिरवा. रंग कोणाच्याही मताने बदलत नाही. लाव्हाझिए यांच्या शब्दाची संतती मात्र अजून आपल्याला छळते आहे. अणूने इलेक्ट्रॉन गमावणे याला आपण 'ऑक्सिडीकरण' म्हणतो, आणि क्लोरीनमध्ये सोडियम जळते तेव्हा, तेथे ऑक्सिजनचा एकही अणू नसताना, सोडियमचे ऑक्सिडीकरण झाले असे विद्यार्थ्याला सांगावे लागते.

या डेव्हींचे शिष्य मायकेल फॅरडे. पुस्तकबांधणीच्या धंद्यातील हा उमेदवार १८१२ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमधील डेव्हींची व्याख्याने ऐकून विज्ञानाकडे वळला, ही कथा सुपरिचित आहे. १८३३-३४ च्या सुमारास फॅरडे यांनी विद्युत् अपघटनाचे नियम प्रस्थापित केले : द्रावणातून जितकी विद्युत् जाईल तितक्याच प्रमाणात पदार्थ वेगळा होतो, आणि निरनिराळ्या पदार्थांची जी वजने सारख्या विद्युतेने सुटी होतात ती त्यांच्या रासायनिक तुल्यभारांच्या प्रमाणात असतात. नियम हाती आले, पण ते मांडावयाचे कोणत्या शब्दांत? त्या काळी द्रावणात बुडविलेल्या दोन पट्ट्यांना 'ध्रुव' म्हणण्याची पद्धत होती. फॅरडे यांना हा शब्द खुपत होता. ध्रुव म्हटले की लोहचुंबकाची आठवण होते, आणि ध्रुव आपल्याकडे काहीतरी ओढून घेतो हे गृहीत धरल्यासारखे होते. पदार्थाचे घटक पट्टीच्या ओढीने तिकडे जातात हे फॅरडे यांना मान्य नव्हते. अपघटनाचे कारण द्रावणाच्या अंतर्भागातच आहे, पट्टी हे केवळ प्रवेशाचे वा निर्गमनाचे द्वार आहे, असे त्यांचे मत होते. डॉ. निकोल नावाच्या स्नेह्याच्या साहाय्याने त्यांनी 'इलेक्ट्रोड', म्हणजे विद्युतेचा मार्ग, हा शब्द घेतला. परंतु दोन द्वारांना दोन स्वतंत्र नावे हवी होती, आणि तेथे गाडे अडले.

२४ एप्रिल १८३४ रोजी त्यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील विल्यम ह्यूएल यांना पत्र लिहिले. ह्यूएल हे गणित, खनिजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि ग्रीक या सर्वांत सारखेच रमणारे गृहस्थ. 'सायंटिस्ट' हा इंग्रजी शब्दही त्यांचाच. फॅरडे यांनी मनाशी काही जोड्या जुळविल्या होत्या. काही प्रवेश-निर्गमाच्या कल्पनेवर, काही पूर्व-पश्चिमेच्या कल्पनेवर. या दुसऱ्या कल्पनेमागे एक मोठी सुंदर युक्ती होती. पृथ्वीचे चुंबकत्व जर तिच्याभोवती वाहणाऱ्या विद्युत्-प्रवाहामुळे असेल, तर तो प्रवाह सूर्याच्या भासमान गतीप्रमाणे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत असला पाहिजे. अपघटनाचे पात्र त्या प्रवाहाला समांतर ठेवले आहे अशी कल्पना केली, तर एक द्वार सूर्योदयाच्या बाजूला येईल, दुसरे सूर्यास्ताच्या. ह्यूएल यांनी दुसऱ्याच दिवशी उत्तर दिले आणि 'अॅनोड' व 'कॅथोड' हे शब्द सुचविले : 'वर जाणारी वाट' आणि 'खाली जाणारी वाट', जसा सूर्य उगवतीस वर येतो आणि मावळतीस खाली जातो. ५ मेच्या पत्रात त्यांनी या मालिकेला पूर्णता आणली. जे घटक या द्वारांकडे जातात त्यांना त्यांनी ग्रीकमधील 'जाणे' या क्रियापदाचे नपुंसकलिंगी वर्तमानकालवाचक धातुसाधित दिले : 'आयन', म्हणजे 'जाणारे'. वर जाणारे ते 'अॅनायन', खाली जाणारे ते 'कॅटायन'.

या नामकरणात काय वगळले आहे ते पाहण्यासारखे आहे. जाणारे काय आहे, अणू आहे की अणूंचा समूह, त्यावर भार आहे की नाही, ते का जाते, कोणाच्या ओढीने जाते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर या शब्दांत नाही. फॅरडे यांना तर अणूच्या अस्तित्वाबद्दलच शंका होती. अणूंविषयी बोलणे सोपे, पण त्यांची स्पष्ट कल्पना करणे अतिशय कठीण, असे त्यांनी त्याच निबंधात नमूद केले आहे. अज्ञानाची अशी प्रामाणिक नोंद करणारी परिभाषा विज्ञानाच्या इतिहासात थोडी. समकालीनांना मात्र हे शब्द रुचले नाहीत. फॅरडे यांनी मे महिन्यातच ह्यूएल यांना कळविले की, या शब्दांवर तिखट आक्षेप आले, आणि सर्वांना खूष करू पाहणाऱ्या बाप, मुलगा व गाढव यांच्या गोष्टीतील बापासारखी आपली स्थिती झाली. पण ह्यूएल यांच्या नावाची ढाल पुढे करताच आक्षेपकांचा स्वर निवळला. परिभाषासमित्यांवर काम केलेल्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. मराठीत आपण 'आयन' हा शब्द ग्रीकमधून, इंग्रजीच्या द्वारा, जसाच्या तसा घेतला. पण तो ऐकताना मराठी कानाला परका वाटत नाही. उत्तरायण, दक्षिणायन यांतील 'अयन' म्हणजे गमन, आणि ते 'इ' (एति) या धातूपासून झाले आहे. ह्यूएल यांनी घेतलेले ग्रीक क्रियापद याच मूळ धातूचे ग्रीक रूप होय. ग्रीक 'इऑन' याला रूपशः समांतर असलेले संस्कृत रूप म्हणजे 'यत्', याच धातूचे नपुंसकलिंगी वर्तमानकालवाचक धातुसाधित. आपले 'येणे' हे क्रियापदही याच कुळातले. आयन हा शब्द संस्कृत 'अयन'पासून व्युत्पन्न नाही, हे खरे. परंतु जो विद्यार्थी या दोहोंत नाते पाहतो तो चुकीच्या ठिकाणी पोचत नाही. उसना शब्द घरच्याच शब्दाचा दूरचा भाऊ निघावा असा योग परिभाषेत क्वचित येतो.

पुढील अर्धशतकाचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. फॅरडे यांच्या मते विद्युत्-प्रवाह सुरू झाल्यावरच पदार्थ फुटतो आणि आयन निर्माण होतात. १८५७ मध्ये क्लाउझियुस यांनी थोडे सुटे घटक द्रावणात आधीपासूनच असले पाहिजेत असे सुचविले. स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात आणि विशेषतः १८८७ च्या निबंधात याहून पुष्कळ पुढची झेप घेतली : मीठ पाण्यात विरघळताच, प्रवाह असो वा नसो, ते आयनांत विभागले जाते. प्रबंधाला परीक्षकांनी खालचा दर्जा दिला. त्याच कार्यासाठी १९०३ मध्ये अऱ्हेनियस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विरोधकांचा प्रश्न साधा आणि सरळ होता : पाण्याशी भडकून उठणारे सोडियम आणि विषारी क्लोरीन जर मिठाच्या पाण्यात सुटे असतील, तर ते पाणी आपण पितो कसे? उत्तर असे की, ते सोडियम नव्हे, सोडियमचा आयन आहे. भारित अणू आणि निर्भार अणू हे गुणधर्मांच्या दृष्टीने दोन निराळे पदार्थ आहेत. लक्षात घ्यावे की, या घटकेला 'आयन' शब्दाचा आशय पार पालटला. फॅरडे यांचा आयन प्रवाहाने निर्माण होणारा, अऱ्हेनियस यांचा प्रवाहावाचूनही नांदणारा. शब्द मात्र हलला नाही, कारण 'जाणारे' या अर्थाला दोन्ही मते सारखीच मानवत होती.

भार म्हणजे नेमके काय, हे कळण्यास आणखी दहा वर्षे लागली. जॉन्स्टन स्टोनी यांनी १८९१ मध्ये विद्युतेच्या मूलभूत मात्रेला 'इलेक्ट्रॉन' हे नाव दिले होते. ते नाव मात्रेचे होते, कणाचे नव्हे. १८९७ मध्ये जे. जे. टॉमसन यांनी तो कण प्रयोगाने सिद्ध केला, आणि त्याला 'कॉर्पसल' म्हणण्याचा आग्रह कितीतरी वर्षे सोडला नाही. इतिहासाने कण टॉमसन यांचा आणि नाव स्टोनी यांचे घेतले. आता आयनाची व्याख्या करता येऊ लागली : ज्याने इलेक्ट्रॉन गमावला वा मिळविला असा अणू किंवा अणुसमूह.

किती गमावावयाचे आणि किती मिळवावयाचे, हा प्रश्न उरला. १८९४ ते १८९८ या काळात रॅम्झी आणि त्यांचे सहकारी यांनी आर्गॉन, निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन हे वायू शोधून काढले, आणि हेलियम पृथ्वीवर सापडले. हे कोणाशीही संयोग पावेनात. 'आर्गॉन' या शब्दाचा अर्थच मुळी 'आळशी'. १९०४ मध्ये रिचर्ड आबेग यांनी दाखविले की, मूलद्रव्याच्या सर्वोच्च धन संयुजेची व ऋण संयुजेची बेरीज पुष्कळदा आठ भरते. १९१६ साली दोन निबंध निघाले. जर्मनीत वाल्टर कोसेल यांनी असे मांडले की, आळशी वायूंच्या शेजारची मूलद्रव्ये इलेक्ट्रॉनांची देवघेव करून त्या वायूंची रचना धारण करतात आणि मग विरुद्ध भारांच्या आकर्षणाने एकत्र राहतात. अमेरिकेत गिल्बर्ट न्यूटन लुइस यांनी इलेक्ट्रॉनांच्या जोडीने दोन अणू बांधले जातात अशी कल्पना मांडली. अणू म्हणजे आठ कोपऱ्यांचा घन, हे चित्र त्यांनी १९०२ मध्येच आपल्या टिपणात काढून ठेवले होते. लुइस यांना 'आठ' या संख्येपेक्षा 'दोन' ही संख्या अधिक मूलगामी वाटत होती. पण १९१९ मध्ये अर्व्हिंग लँगम्युअर यांनी या विचाराला 'ऑक्टेट' म्हणजे 'अष्टक' असे सुटसुटीत नाव दिले, त्यावर व्याख्याने दिली, आणि निरीक्षण नियम होऊन बसले. नावाचा महिमा असा असतो.

अष्टकाच्या कल्पनेने काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे आता आकड्यांत पाहू. धातुरूप सोडियमचा सुटा अणू करण्यास दर मोलमागे १०७ किलोज्यूल लागतात. त्याचा इलेक्ट्रॉन काढून घेण्यास ४९६. क्लोरीनच्या रेणूतून एक अणू सुटा करण्यास १२१. एकूण खर्च ७२४. क्लोरीनला इलेक्ट्रॉन मिळाल्यावर जी ऊर्जा परत मिळते ती केवळ ३४९. म्हणजे दोन्ही अष्टके पूर्ण झाली, उभयतांस कथित स्थैर्य लाभले, आणि हिशेबात मात्र ३७५ किलोज्यूलची तूट! ही तूट भरून निघते ती सर्वस्वी निराळ्या ठिकाणी. विरुद्ध भारांचे असंख्य आयन स्फटिकात एकमेकांशेजारी रचले जातात तेव्हा ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. १९१९ मध्ये माक्स बोर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी हा हिशेब मांडण्याची रीत घालून दिली. स्थैर्य आहे, पण ते अणूच्या घरातले नाही; ते स्फटिकाच्या वस्तीतले आहे. निर्वात पोकळीत एकट्या सोडियमच्या अणूने आपला इलेक्ट्रॉन आपण होऊन कधीच टाकला नसता.

ऑक्सिजनचे उदाहरण याहून बोलके आहे. पहिला इलेक्ट्रॉन घेताना ऑक्सिजनचा अणू ऊर्जा सोडतो. दुसरा मात्र, जो घेतल्यावर अष्टक पूर्ण होते तोच, त्याच्यावर बळेच लादावा लागतो आणि त्यासाठी दर मोलमागे सातशेहून अधिक किलोज्यूल खर्ची पडतात. दोन इलेक्ट्रॉन अधिक असलेला ऑक्सिजनचा आयन एकटा टिकत नाही. चुनखडी भाजून होणाऱ्या कळीच्या चुन्यात, मॅग्नेशियमच्या भस्मात, भोवतालच्या धन आयनांच्या वेढ्यात तो टिकतो. लोखंडाचे आयन तर अष्टकाच्या वाटेलाच जात नाहीत, आणि गंज तरीही चढतो.

मग अष्टक अजिबात निरुपयोगी काय? तसे नव्हे. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन ४९६ किलोज्यूलमध्ये निघतो. दुसऱ्यासाठी ४५६२ मोजावे लागतात. कोणताही स्फटिक ही रक्कम भरून देऊ शकत नाही, म्हणून देवघेव एकावरच थांबते. अष्टक ही अणूची आकांक्षा नव्हे, ती देवघेवीची सीमा आहे. हा फरक शब्दांचा असला तरी केवळ शब्दांचा नाही.

स्थैर्य अणूत नसून वस्तीत आहे ही गोष्ट पचण्यास सोपी नव्हती. १९१३ मध्ये विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. एका सोडियमचा एक क्लोरीन असा जोडीदार कोठेच नाही, अर्थात् 'मिठाचा रेणू' नावाची वस्तू स्फटिकात नाही. हेन्री आर्मस्ट्राँग या वृद्ध रसायनशास्त्रज्ञाने, ज्याने पूर्वी अऱ्हेनियस यांच्या मतालाही कडाडून विरोध केला होता, १९२७ मध्ये 'नेचर' नियतकालिकात या बुद्धिबळपटासारख्या रचनेची रेवडी उडविली. आर्मस्ट्राँग हरले, हे उघड आहे. पण जोडप्याची कल्पना इतक्या सहजी जात नाही. एक देणारा आणि एक घेणारा असे चित्र फळ्यावर काढताना आपण अद्याप आर्मस्ट्राँग यांच्याच पंगतीला बसलेले असतो.

आळशी वायूंच्या नावाचेही असेच झाले. 'निष्क्रिय' हे विशेषण अष्टकाच्या सिद्धान्ताचा जणू आधारस्तंभ होते. १९६२ मध्ये व्हँकुव्हर येथे नील बार्टलेट यांच्या लक्षात आले की, ज्या प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइडने ऑक्सिजनच्या रेणूचाही इलेक्ट्रॉन हिरावून घेतला, त्याला झेनॉनचाही घेता यावा. कारण दोहोंचे इलेक्ट्रॉन काढण्यास लागणारी ऊर्जा जवळजवळ सारखीच आहे. त्यांनी प्रयोग केला आणि झेनॉनचे पहिले संयुग हाती आले. त्यानंतर इंग्रजीत 'निष्क्रिय' या अर्थाचे विशेषण मागे पडले. मराठीत ते अजून वावरते.

आता आपल्या परिभाषेकडे वळू. दोन गोष्टींकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणे अवश्य वाटते. पहिली व्याकरणाची. 'अष्टक पूर्ण करण्यासाठी अणू इलेक्ट्रॉन देऊन टाकतो' या वाक्यात 'साठी' हे हेतुवाचक आहे, आणि 'टाकणे' हे सहायक क्रियापद मराठीत कर्त्याची मोकळीक, ब्याद गेल्याची भावना सुचविते. 'द्यावा लागतो' किंवा 'काढून घेतला जातो' असे म्हटले की लगेच विचारावेसे वाटते : कोणी काढून घेतला, आणि त्याची किंमत कोणी दिली? 'देऊन टाकतो' हे रूप हा प्रश्न उद्भवूच देत नाही. पन्नास शब्दांचे स्पष्टीकरण जे करणार नाही ते येथे एक सहायक क्रियापद करून जाते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. 'धन' आणि 'ऋण' हे शब्द आपल्याकडे फार जुने; ब्रह्मगुप्ताने ६२८ मधील ब्रह्मस्फुटसिद्धान्तात संख्यांसाठी ते वापरले आहेत. आयनांना ते शोभूनही दिसतात : घेणारा ऋणी होतो, हे मराठी विद्यार्थ्याला निराळे पाठ करावे लागत नाही. परंतु अॅनोडला आपण 'धनाग्र' आणि कॅथोडला 'ऋणाग्र' म्हटले, तेथे फॅरडे आणि ह्यूएल यांनी दाराबाहेर ठेवलेला सिद्धान्त खिडकीतून आत आला. त्यांची व्याख्या दिशेची होती : प्रवाह ज्या पृष्ठातून द्रावणात शिरतो तो अॅनोड. आपली संज्ञा भाराची झाली. अपघटनाच्या पात्रात दोन्ही जुळतात, म्हणून चूक उमगत नाही. पण १८३६ चा डॅनिएल यांचा घट घ्या. त्यात जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून द्रावणात जातो; प्रवाह तेथूनच द्रावणात शिरतो; म्हणून जस्ताची पट्टी हा अॅनोड. मागे राहिलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे तीच पट्टी घटाचे ऋण टोकही आहे. मराठीत याचे वर्णन 'धनाग्र ऋण असते' असे करावे लागते, आणि विद्यार्थी गोंधळून अध्यापकाकडे पाहू लागतो. मोटारीतील शिशाच्या विद्युत्-घटात तर तीच ऋण पट्टी वीज देताना अॅनोड असते आणि भारित करताना कॅथोड होते. पट्टीवरील ऋण चिन्ह दोन्ही वेळा तेच. इंग्रजी पुस्तकाला येथे एका वाक्यात पुढे जाता येते. मराठी पुस्तकाला आपल्याच शब्दाविरुद्ध एक परिच्छेद लिहावा लागतो.

'अॅनोड' आणि 'कॅथोड' हे शब्द आयनाप्रमाणेच तसेच ठेवावेत, हा एक मार्ग. संस्कृतोद्भव शब्दच हवे असतील तर ते दिशेवरून, भारावरून नव्हे, घडवावेत : 'उदय' आणि 'अस्त' यांवरून 'उदयाग्र' व 'अस्ताग्र' असे शब्द बेतता येतील, आणि ह्यूएल यांच्या मनातील सूर्य त्यांत जसाच्या तसा राहील. धनाग्र रूढ झाले आहे, आता ते बदलू नये, हा आक्षेप अपेक्षित आहे. त्याला उत्तर म्हणून जस्ताच्या पट्टीकडे बोट दाखविणे पुरेसे आहे.